झील सोडून पुढं

डफ तापवताना कधी जवळ उभं राहून पाहिलंय? कार्यक्रमाला अजून अर्धा तास असतो. मांडवामागं कुणीतरी जुने पेपर आणि वाळका पालापाचोळा गोळा करून पेटवतं आणि त्या जाळावर डफ वीतभर उंच धरून फिरवत राहतं. चामडं करपू नये म्हणून हात सारखा हलता ठेवायचा. मधूनच बोटांनी एक टिचकी मारायची. पहिली टिचकी वाजते ‘धप्प’. चार-सहा फेऱ्या झाल्या की तोच डफ ‘ठण्ण’ म्हणतो. झालं काय? चामड्यात मुरलेला ओलावा उडाला, कातडं आकसलं, कड्यावर ताण बसला आणि सूर वर चढला. पावसाळी हवेत तो लवकरच पुन्हा सैल पडतो, म्हणून अनुभवी माणसं मागचा जाळ विझू देत नाहीत. बस, एवढंच यंत्र!

शाहिराचं सगळं भांडवल हेच. डफ, ढोलकी, तुणतुणं आणि चार गळे. हे सगळं एका पिशवीत आणि दोन खांद्यांवर मावतं, एसटीच्या सीटखाली सरकवता येतं. आणि या एवढ्याशा सामानाला सरकारं घाबरतात!

विश्वास बसत नसेल तर लांब जायला नको, आपल्याच जुन्या चांदा जिल्ह्यातलं चिमूर आठवा. तुकडोजी महाराजांच्या हातात काय होतं? एक खंजिरी. १६ ऑगस्ट १९४२ला चिमूर पेटलं आणि इंग्रज सरकारनं त्याच महिन्यात ज्या माणसाला उचललं, तो बंदूकवाला नव्हता, भजनं म्हणणारा होता. नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात त्यांना ठेवलं. विमानं आणि रणगाडे बाळगणाऱ्या साम्राज्याला एका खंजिरीची दखल घ्यावी लागली, ही गोष्ट आपण शाळेत इतक्या वेळा ऐकतो की तिच्यातलं नवल मरून जातं. ते जरा पुन्हा जागं करू या. कारण मला सांगायचं आहे ते अशाच एका आवाजाबद्दल, आणि तो आवाज बाईचा आहे.

पण आधी एक कोडं. पोवाड्यात शाहीर ओळ म्हणतो आणि ती संपता संपता मागचे दोघं-तिघं वरच्या पट्टीत ‘जी जी रं जी’ करून शेपूट उचलतात. हे झीलकरी. ते नसते तर काय बिघडलं असतं? बरंच काही! एकतर शाहिराला श्वास मिळतो. त्या चार मात्रांत तो छाती भरून घेतो, पुढची ओळ आठवतो, समोरच्या गर्दीचा अंदाज घेतो. दुसरं, ऐकणाऱ्यालाही सवड मिळते. ओळ कानात शिरली, झील सुरू आहे तोवर डोक्यात उतरली. तिसरी गंमत मला सगळ्यात आवडते. झील इतकी सोपी असते की दोन-तीन कडव्यांनंतर समोर बसलेली पोरंसोरंही ती धरायला लागतात. म्हणजे ऐकायला आलेला माणूस नकळत गायला लागतो! चढावर बैलगाडी अडते तेव्हा मागून खांदा देणाऱ्यांचं नाव कुणी विचारत नाही, पण गाडी वर जाते ती त्यांच्याच जोरावर. झीलकऱ्यांचं तसंच.

तुणतुणंही बहुधा त्यांच्याच हातात असतं. पोकळ लाकडी नळकांडं, त्याच्या बुडाला ताणलेलं चामडं, त्या चामड्यातून निघून दांडीच्या खुंटीला बांधलेली एकच तार. ती छेडली की सूरही मिळतो आणि तालही. एका तारेत दोन कामं!

गर्दीला असंच गाण्यात ओढणारं संगीत पाहायला आता थोडं जमैकाला जाऊन येऊ. कॅरिबियन समुद्रातलं हे बेट आपल्या जुन्या चांदा जिल्ह्याच्या निम्म्याहून लहान. १८४५ साली हिंदुस्थानातून करारावरच्या मजुरांचं पहिलं जहाज तिथं लागलं, कारण गुलामगिरी संपली होती आणि उसाच्या मळ्यांना हात हवे होते. आधी आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्यांची लेकरं आणि हे नवे मजूर शेजारी शेजारी राबले. पुढं तिथं रास्ताफारी पंथ उभा राहिला. त्याच्या पहिल्या प्रचारकांपैकी एक लिओनार्ड हॉवेल. काळा जमैकन माणूस, पण पुस्तक लिहिताना त्यानं जे टोपणनाव घेतलं ते होतं ‘जी. जी. मराघ’, म्हणजे ‘गांगुनगुरू महाराज’! जगातल्या दोन तुडवलेल्या समाजांची अशी गाठ कुठं पडावी, तर उसाच्या फडात.

याच बेटावर १९६८च्या सुमारास रेगे नावाचं संगीत तयार झालं. त्याची गंमत आपल्या कानाला पटकन कळेल. आपण समेवर जगतो. गवई कितीही फिरून येवो, समेवर आला की मान डोलते. रेगेमधला सगळ्यात गाजलेला ठेका काय करतो, तर सम रिकामी सोडतो. एक-दोन-तीन-चार मोजा. एकवर ड्रमचा मोठा ठोका नाहीच, तो पडतो तीनवर. गिटारचा तुटक झटका दोनवर आणि चारवर. एकची जागा मोकळी, आणि ती भरायला ऐकणाऱ्याचं अंग आपोआप हलतं. शाहीर ओळीचं शेपूट दुसऱ्यांसाठी सोडतो, रेगेवाला सम सोडतो. गर्दीला गाण्यात ओढून घ्यायचं असेल तर गाण्यात जागा ठेवावी लागते, हे दोन्हीकडच्या माणसांना कुणी शिकवलं असेल? बहुधा गर्दीनंच.

रेगेचा जगप्रसिद्ध शाहीर म्हणजे बॉब मार्ली. त्याच्या मागं झील धरायला तीन बायका होत्या. मार्लीची बायको रिटा, मार्शा ग्रिफिथ्स आणि ज्यूडी मोवॅट. १९७४पासून हे त्रिकूट ‘आय थ्रीज’ म्हणून ओळखलं जाऊ लागलं. झीलकऱ्याला धोका नसतो असं वाटत असेल तर ऐका. ३ डिसेंबर १९७६ला किंग्स्टनमध्ये मार्लीच्या घरावर गोळीबार झाला. दोनच दिवसांनी जाहीर कार्यक्रम होता. रिटाच्या डोक्याला गोळी लागली होती. तरी ती त्या मंचावर उभी राहिली आणि गायली!

पण मला ओढ आहे ती ज्यूडी मोवॅटची. तिनं सत्तरचं दशक संपता संपता ‘ब्लॅक वुमन’ नावाचा स्वतःचा अल्बम काढला, आणि निर्मातीही स्वतःच झाली. विषय होता काळ्या बाईचं ओझं, गुलामगिरीपासून आजच्या घरापर्यंत. रेगे अन्यायाविरुद्ध ओरडत होतं खरं, पण त्यात घरातल्या बाईवरच्या अन्यायाला फारशी जागा नव्हती. ती जागा मागच्या रांगेतल्या बाईनं पुढं येऊन घेतली. १९८६च्या ग्रॅमी सोहळ्यात रेगेच्या पुरस्कारासाठी नामांकन मिळालेली ती पहिली स्त्री. पुरस्कार जिमी क्लिफला गेला. २०१८ साली युनेस्कोनं रेगेला मानवजातीचा अमूर्त वारसा म्हणून यादीत घेतलं. झोपडपट्टीतलं गाणं वारसा व्हायला जेमतेम पन्नास वर्षं लागली.

आता परत घरी या आणि विचारा, आपल्याकडच्या झीलकरणी कुठं होत्या?

आपली वाट अशी. जोतीराव फुल्यांनी १८६९ साली शिवाजी महाराजांवर पोवाडा लिहिला, १८७३ला सत्यशोधक समाज काढला. पुढं त्या चळवळीतल्या माणसांनी तमाशाचा सांगाडा उचलला. गण, गवळण, बतावणी, वग सगळं तसंच ठेवलं आणि आतला ऐवज बदलला. गवळणीतली छेडछाड गेली, बतावणीत भटजी-सावकाराची फजिती आली. याला जलसा म्हणू लागले. १९३०च्या दशकात नाशिककडच्या भीमराव कर्डकांनी आंबेडकरी जलसा गावोगाव नेला. आपली दहा भाषणं आणि कर्डकांचा एक जलसा सारखाच, असं बाबासाहेब म्हणाल्याचं सांगतात. हे नुसतं कौतुक नव्हतं, हिशेबही होता. १९३१च्या जनगणनेत देशात दहांतला जेमतेम एक माणूस साक्षर होता. छापील ‘जनता’ पत्र ज्याच्यापर्यंत पोचत नव्हतं, त्याच्यापर्यंत ढोलकी पोचत होती. लोककवी वामनदादा कर्डकांचंच बघा. कुणीतरी पत्र वाचून दाखव म्हणून हातात दिलं आणि वाचता येईना, त्या शरमेतून मोठेपणी ते अक्षरं शिकले आणि पुढं हजारो गाणी लिहून बसले!

१६ ऑक्टोबर १९५६ला चांद्यात धम्मदीक्षेचा सोहळा झाला. नागपूरनंतर दोनच दिवसांनी. त्या दिवसानं आपल्या भागाला भीमगीतांचा जो वारसा दिला, तो १४ एप्रिलच्या रात्री चामोर्शीपासून सिरोंच्यापर्यंत कुठंही ऐकू येतो.

पण या सगळ्या इतिहासात मंचावर बाई शोधायला गेलं की पंचाईत होते. जलशात बाईची भूमिका पुरुषच करायचे. आपल्या खडी गंमतीतला नाच्या आठवा, तसंच. तमाशात बाया होत्या, पण कुठल्या? ज्यांच्या नाचण्यावर गावानं जातीचा शिक्का मारला होता, त्या. महाडच्या लढ्यासाठी पठ्ठे बापूराव आणि पवळा यांनी तमाशातली कमाई देऊ केली आणि बाबासाहेबांनी ती घेतली नाही, असं सांगितलं जातं. आपल्या समाजाच्या बाईला नाचवून आलेला पैसा चळवळीला नको, हा त्यामागचा बाणा. तो समजण्यासारखाच. पण त्यातून एक विचित्र कोंडी झाली. बाईनं मंच सोडणं हीच सुधारणा ठरली. मग जिला गाता येतं, जिच्याकडं सांगण्यासारखं आहे, तिनं उभं कुठं राहायचं? मान सांभाळून मंचावर यायचा रस्ता अजून कुणी बांधलाच नव्हता. तो पुढं एकेका बाईनं स्वतःच बांधला.

पुण्यातल्या भवानी पेठेत कासेवाडी नावाची दाट वस्ती आहे. शीतल साठे तिथली. आडनाव साठे, समाज मातंग, म्हणजे अण्णाभाऊंची आठवण येणारच. अण्णाभाऊ, अमर शेख आणि गवाणकर यांनी १९४४ला लाल बावटा कलापथक काढलं, तेव्हा गिरणगावात गाणं आणि मोर्चा यांत फरक उरला नव्हता. साठेक वर्षांनी, २००२च्या गुजरात दंगलींनंतर, पुण्यातल्या काही तरुणांनी कबीर कला मंच उभा केला. वस्ती, कॉलेज, चौक, जिथं चार माणसं जमतील तिथं पथनाट्य आणि गाणी. या पोरांत सगळ्यांत पुढं उभा राहिलेला आवाज शीतलचा.

तो आवाज कसा आहे? शाहिराच्या आवाजाला आपण पहाडी म्हणतो आणि डोळ्यांसमोर फेटा आणि मिशा येतात. इथं साधी साडी किंवा सलवार-कमीज घातलेली मुलगी उभी असते आणि तोंड उघडल्यावर तोच पहाड! सूर वरच्या पट्टीत, पण चिरका नाही, कारण तो पोटातून येतो. शब्द एकेक करून कळतो. गर्दीत सर्वात मागं उभ्या असलेल्या माणसापर्यंत शब्द पोचला पाहिजे, ही शाहिरीची पहिली अट, आणि भल्याभल्या शिकलेल्या गळ्यांना ती जमत नाही. भगतसिंगांवरचं तिचं हिंदी गाणं तर महाराष्ट्राबाहेरच्या कॉलेजांतली पोरंही म्हणतात. गाण्यांचे विषय जात, मजुरी, शेतकऱ्याची कोंडी आणि बाईचं जगणं. २९ सप्टेंबर २००६ला आपल्या विदर्भातल्या खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातली चार माणसं मारली गेली. त्यानंतर मंचाच्या गाण्यांना चांगलीच धार चढली. मला त्यातली काही गाणी घोषणेच्या फार जवळ जाणारी वाटतात. पण तिनं आईबद्दल, बाईच्या राबण्याबद्दल गायला सुरुवात केली की घोषणा कुठल्या कुठं राहते.

इथून पुढचा भाग एखाद्या वगात घातला तर लोक म्हणतील, हे जरा जास्तच झालं.

११ जुलै १९९७ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलीस गोळीबारात दहा माणसं गेली. ते सहन न होऊन शाहीर विलास घोगरेंनी गळफास घेतला. आनंद पटवर्धनांनी तिथून कॅमेरा लावला तो चौदा वर्षं. त्यातून २०११चा ‘जय भीम कॉम्रेड’ हा तीन तासांहून मोठा माहितीपट तयार झाला. सुरुवात एका शाहिराच्या मरणानं, आणि शेवटाकडं येता येता पडद्यावर येतो कबीर कला मंच आणि गाणारी शीतल. एक गळा थांबला, दुसरा सुरू झाला. पण माहितीपट वस्त्यांमध्ये पडदे बांधून दाखवला जात होता तेव्हा ती होती कुठं? २०११ला दहशतवादविरोधी पथकानं मंचाच्या काहींना यूएपीए या बेकायदा कृत्यं प्रतिबंधक कायद्याखाली अटक केली, माओवाद्यांशी संबंधांचा आरोप ठेवला, आणि शीतलसह बाकीचे भूमिगत झाले. म्हणजे गावोगाव पडद्यावर आवाज घुमतोय, टाळ्या पडतायत, आणि गाणारी बेपत्ता!

हा आरोप किती जड असतो, हे गडचिरोली जिल्ह्यातल्या वाचकाला मी सांगायची गरज नाही. मंचानं तो नाकारला. निवाडा करणं कोर्टाचं काम. मी थांबतो ते त्यानंतरच्या एका तारखेवर. २ एप्रिल २०१३. मुंबईत विधान भवनासमोर शीतल आणि तिचा नवरा, कवी सचिन माळी, उघडपणे येऊन उभे राहिले. ही शरणागती नाही, सत्याग्रह आहे, असं म्हणाले. आणि गायले! पोलीस समोर उभे, ती गरोदर, आणि पुढं काय वाढून ठेवलंय ते ठाऊक असताना गाणं. घशाला कोरड पडली असती तरी कुणी दोष दिला नसता. जून २०१३मध्ये तिच्या बाळंतपणाचे दिवस जवळ आले असताना मुंबई उच्च न्यायालयानं तिला जामीन दिला. सचिन आणि इतर दोघांना सर्वोच्च न्यायालयाकडून जामीन मिळायला जानेवारी २०१७ उजाडलं. मधली साडेतीन वर्षं लिहिणारा आत होता आणि गाणारी बाहेर, तान्ह्या मुलासकट.

बाहेर येऊन तिनं काय केलं? पुन्हा गायली. जुन्या मंचापासून वेगळी होऊन तिनं आणि सचिननं ‘नवयान महाजलसा’ उभा केला. भीमराव कर्डकांच्या काळातला जलसा नव्वदेक वर्षांनी पुन्हा पाटीवर आला, आणि या वेळी त्याच्या मधोमध बाई उभी होती.

शीतलला निदान मंच होता, सोबती होते. कडूबाई खरातांकडं तेही नव्हतं. छत्रपती संभाजीनगरजवळच्या चिकलठाण्यातली ही बाई. नवरा अकाली गेला, पदरात लेकरं. हातात एकतारी घेऊन दारोदार गायची आणि मिळेल त्यावर घर चालवायची. आधी देवाची गाणी, मग बाबासाहेबांची. झील धरायला कुणी नाही, ढोलकी नाही, सोबत फक्त ती एक तार. एक दिवस कुणीतरी मोबाईलवर तिचं गाणं टिपलं आणि सोडून दिलं. ते या फोनवरून त्या फोनवर इतकं फिरलं की जिला गल्ली ओळखत होती, तिला महाराष्ट्र ओळखू लागला! जयंतीच्या कार्यक्रमांची आमंत्रणं येऊ लागली. ज्या भीमगीतांच्या दुनियेत लाखांच्या साउंड सिस्टिम लागतात, तिथं ही एकतारी घेऊन जाऊन बसली आणि लोक गप्प बसून ऐकू लागले.

पुढच्या १४ एप्रिलला आपल्या तालुक्यात कुठं जयंतीचा कार्यक्रम असेल तर थोडं लवकर जा, म्हणजे डफ तापवतानाही पाहायला मिळेल. मग गाणं सुरू झालं की मागच्या रांगेकडं लक्ष द्या. मार्लीच्या मागं तीन बायका झील धरत होत्या. कबीर कला मंचाची जुनी चित्रफीत लावून पाहा. पुढं शीतल ओळ सोडते, आणि झील उचलतात मागचे पुरुष.